उशीर किती परवडतो? मोबाइल नेटवर्क आणि उपग्रहावरून थेट व्हिडिओ व डेटा पाठवणाऱ्या नवशिक्यांसाठी

पुण्यात थेट प्रक्षेपणाचे काम हाती घेणाऱ्याला दोन टोकांच्या जागा हमखास भेटतात. एक म्हणजे अनंत चतुर्दशीचा लक्ष्मी रस्ता, जिथे फोनवर रेंज फुल्ल दिसते आणि तरीही साधा फोटो जात नाही. दुसरी म्हणजे ताम्हिणी किंवा राजगडाच्या पायथ्याकडचा भाग, जिथे वळणावळणावर रेंज गायब होते आणि शेवटी उपग्रहाकडे वळावे लागते. पडद्यावर दोन्हीकडे लक्षण एकच असते, चित्र अडकते. पण कारणे निराळी असल्यामुळे एका जागचा उपाय दुसऱ्या जागी लावला, तर बहुधा बिघाड वाढतो. ज्यांनी ओबीएस किंवा तत्सम थेट प्रक्षेपणाचे सॉफ्टवेअर हाताळले आहे, परंतु घरच्या फायबरबाहेर पडून काम करण्याचा ज्यांना सराव नाही, अशांसाठी हे मार्गदर्शन आहे.

पहिली पायरी : उशीर ठरवणे

बहुतेक जण ‘स्पीड किती मिळेल’ या प्रश्नापासून सुरुवात करतात. त्याआधी विचारायचा प्रश्न असा की, घटना घडल्यापासून ती प्रेक्षकाला दिसेपर्यंत किती सेकंद गेले तर चालेल? दिवे घाटातून जाणाऱ्या पालखीचे दर्शन घरबसल्या घेणाऱ्याला चित्र अर्धा मिनिट उशिरा आले तरी काही फरक पडत नाही. सभागृहातल्या व्याख्यानाला दहा-वीस सेकंद सहज चालतात. मात्र स्टुडिओतला निवेदक आणि घाटातला प्रतिनिधी यांच्यात प्रश्नोत्तरे व्हायची असतील, तर हिशेब मिलिसेकंदांवर येतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार संभाषणात एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा आणि जाळ्याची आखणी करताना तो ४०० मिलिसेकंदांच्या वर जाऊ देऊ नये.

हा आकडा आधी कागदावर लिहिण्याचे कारण असे की, वायरलेस जोडणीवर हरवलेले पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) पुन्हा मागवायला, उलटसुलट क्रमाने आलेली पॅकेटे रांगेत लावायला आणि मधूनच आटणारा वेग सावरून घ्यायला जो वेळ लागतो, तो याच उशिरातून काढायचा असतो. पेठेतल्या इमारतीत नळाला पाणी येवो न येवो, गच्चीवरच्या टाकीमुळे घरातली तोटी एकसारखी चालते. बफरचे काम नेमके तेच आहे. संभाषण नसताना यूट्यूबवर ‘अल्ट्रा लो लेटन्सी’ निवडणे म्हणजे टाकी काढून टाकून नळाच्या भरवशावर बसणे होय. आयोजक ‘एकदम लाइव्ह दिसलं पाहिजे’ असा आग्रह धरतात, तेव्हा प्रेक्षक आणि वक्ता यांच्यात खरोखर बोलणे होणार आहे का, एवढे विचारावे. बहुतेक वेळा उत्तर नकारार्थी येते आणि निम्मे काम तिथेच सोपे होते.

दुसरी पायरी : जागेवर जाऊन मोजणे

स्पीड टेस्टच्या ॲपमध्ये दिसणारा डाउनलोडचा मोठा आकडा आपल्या कामाचा नाही. आपल्याला अपलोड हवा आणि तोही सलग. स्पीड टेस्ट काही सेकंदच चालते आणि बहुधा अनेक जोडण्या एकदम उघडून जास्तीत जास्त वेग दाखवते. थेट व्हिडिओ मात्र एकाच जोडणीवरून तासन् तास जात असतो. भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ५जीचा मुख्य पट्टा ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा आहे. त्यात पाठवणे आणि घेणे एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने चालते आणि वेळेचा मोठा वाटा डाउनलोडला दिलेला असतो. म्हणून डाउनलोड डोळे दिपवणारा असला तरी अपलोड त्याच्या मानाने बेताचाच मिळतो.

रेंजच्या दांड्यांवर विसंबू नये. त्या फक्त सिग्नलचा जोर दाखवतात. त्या टॉवरवर किती जण तुटून पडले आहेत, हे त्यांना ठाऊक नसते. फोनमध्ये सिग्नलचे तपशील दाखवणारे एखादे ॲप घ्यावे आणि दोन आकडे पाहावेत. आरएसआरपी उणे ९० डीबीएमच्या वर असेल तर जोर चांगला आहे, उणे ११० च्या खाली असेल तर जागा बदलावी. एसआयएनआर म्हणजे सिग्नल आणि गोंगाट यांचे गुणोत्तर. ते १५ च्या वर असेल तर उत्तम आणि शून्याच्या खाली असेल तर जोर कितीही असला तरी उपयोग नाही. मंडईजवळ उभे राहून हे आकडे पाहिले, तर आरएसआरपी झकास आणि एसआयएनआर रडतखडत, असे चित्र अनेकदा दिसते, कारण आजूबाजूचे टॉवर एकमेकांच्या अंगावर ओरडत असतात. अशा वेळी चौकातून हलून एखाद्या इमारतीच्या आडोशाला गेल्यास जोर थोडा घटतो, पण गोंगाट त्याहून जास्त घटतो आणि वेग सुधारतो.

यानंतरची चाचणी सर्वांत महत्त्वाची. ज्या सर्व्हरकडे व्हिडिओ पाठवायचा आहे त्याच्याकडे लॅपटॉपवरून पिंग (संदेश जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ मोजणे) सुरू ठेवावे आणि त्याच वेळी प्रत्यक्ष व्हिडिओ किमान पंधरा मिनिटे पाठवावा. पिंग नुसते असताना ४० मिलिसेकंद आणि अपलोड सुरू होताच ६०० किंवा ९०० होत असेल, तर मोडेमच्या किंवा टॉवरच्या रांगेत पॅकेटे तुंबत आहेत असे समजावे. याला बफरब्लोट म्हणतात. पॅकेटे हरवत नाहीत, पण इतकी उशिरा पोहोचतात की हरवल्यातच जमा. चाचणी त्याच वारी, त्याच वेळी घेता आली तर फार उत्तम. मंगळवारी सकाळी मोकळ्या अलका चौकात घेतलेले आकडे विसर्जनाच्या रात्री काही कामाचे नसतात.

या चाचणीत सलग टिकलेला सर्वांत कमी अपलोड पाहावा आणि त्याच्या साधारण निम्म्यावर एन्कोडरचा (व्हिडिओ आकसून पाठवण्याजोगा करणाऱ्या सॉफ्टवेअरचा किंवा उपकरणाचा) बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवायचा डेटा, ठरवावा. निम्मा ऐकून नव्या माणसाला वाईट वाटते. तथापि उरलेला निम्मा वाया जात नाही. पुन्हा पाठवायची पॅकेटे, आवाज, नियंत्रणाचे संदेश आणि गर्दीचा अचानक आलेला झटका यांना तोच पुरतो.

तिसरी पायरी : एन्कोडर

इथे एक गोष्ट पुण्याच्या मिरवणुकीत शिकायला मिळते. स्थिर व्यासपीठावरचा वक्ता १५०० केबीपीएसमध्ये स्वच्छ दिसतो, पण ढोल-ताशा पथकाने गुलाल उधळला, भगवे झेंडे फिरू लागले आणि मागे हजारो डोकी हलू लागली की त्याच बिटरेटमध्ये चित्राचे चौकोन पडतात. व्हिडिओ कॉम्प्रेशनचा सगळा डाव आधीच्या फ्रेमशी असलेल्या साम्यावर चालतो आणि गुलालाच्या ढगात तसे साम्यच उरत नाही. म्हणून १०८० ऐवजी ७२० रेषा आणि सेकंदाला २५ फ्रेम घ्याव्यात, कॅमेरा तिपाईवर ठेवावा आणि विनाकारण झूम-पॅन टाळावे. २५ फ्रेम सुचवण्याचे आणखी एक कारण म्हणजे आपली वीज ५० हर्ट्झची आहे. ३० फ्रेमवर मांडवातल्या काही दिव्यांची लुकलुक चित्रात उतरते.

बिटरेट स्थिर ठेवावा, कीफ्रेम (आधीच्या फ्रेमवर न विसंबणारे पूर्ण चित्र) दर दोन सेकंदांनी यावी. कीफ्रेम फार दूर ठेवली तर पॅकेट हरवल्यावर चित्र सावरायला तितकाच वेळ लागतो आणि फार जवळ ठेवली तर बिट उगाच खर्च होतात. कॉम्प्रेशनचा नवा प्रकार एच.२६५ हा जुन्या एच.२६४ पेक्षा तोच दर्जा बऱ्याच कमी बिटमध्ये देतो, पण तुमचा लॅपटॉप आणि पुढचा सर्व्हर दोघांनाही तो झेपला पाहिजे. उन्हात तापलेल्या लॅपटॉपने फ्रेम गाळायला सुरुवात केली, तर दोष नेटवर्कचा समजला जातो. ओबीएसच्या आकडेवारीच्या खिडकीत नेटवर्कमुळे गळलेल्या फ्रेम आणि एन्कोडिंग न झेपल्यामुळे सुटलेल्या फ्रेम वेगवेगळ्या दाखवलेल्या असतात. तिथे आधी पाहावे, मग सिम कार्डाला नावे ठेवावीत.

आवाजाला कात्री लावू नये. भाषणाला ९६ आणि गाण्याच्या मैफलीला १६० ते १९२ केबीपीएस ठेवले तरी व्हिडिओच्या मानाने हा खर्च नगण्य आहे. चित्र क्षणभर थिजले तर पुणेरी श्रोता एकवेळ सोसतो, पण तान मध्येच तुटली तर तो लगेच फोन करतो.

चौथी पायरी : वाहतुकीची रीत

आरटीएमपी ही सर्व्हरकडे व्हिडिओ पाठवण्याची जुनी रीत टीसीपी या इंटरनेटच्या वाहतूक-नियमावलीवर चालते. टीसीपी प्रत्येक पॅकेट क्रमाने पोहोचल्याशिवाय पुढचे हाती देत नाही आणि पॅकेट हरवले की रस्त्यात गर्दी आहे असे समजून वेग कमी करते. तारेवर हा समज बहुधा खरा ठरतो. हवेतून जाताना पॅकेट गर्दीशिवायही हरवते आणि वेग नाहक घटतो. म्हणून मैदानातून सर्व्हरपर्यंतचा पल्ला शक्यतो एसआरटीने गाठावा. ही रीत हायव्हिजन कंपनीने विकसित केली आणि २०१७ मध्ये तिचा कोड खुला केला. ती यूडीपीवर, म्हणजे पोचेची वाट न पाहता पॅकेटे पाठवणाऱ्या नियमावलीवर, चालते, हरवलेले पॅकेट पुन्हा मागवते, पण ठरलेल्या मुदतीतच. मुदत टळली की ते सोडून पुढे जाते. ही मुदत म्हणजेच पहिल्या पायरीत ठरवलेल्या उशिराचा एक वाटा.

मुदत किती ठेवावी? जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेच्या तीन ते चार पट, आणि तो वेळ शांत असतानाचा नव्हे, तर भार असतानाचा धरावा. एसआरटीमध्ये मुळात १२० मिलिसेकंद ठेवलेले असतात आणि ते मोबाइल नेटवर्कला अपुरे पडतात. भाराखाली पिंग ३०० जात असेल तर १२०० ठेवावे. इथे एक खाच आहे: ओबीएसच्या एसआरटी पत्त्यात लेटन्सी मायक्रोसेकंदांत लिहावी लागते, तर अनेक हार्डवेअर एन्कोडरमध्ये ती मिलिसेकंदांत असते. दोन सेकंदांसाठी ओबीएसमध्ये २००० लिहिले तर प्रत्यक्षात दोन मिलिसेकंद मिळतात. दोन्ही टोकांपैकी जी मुदत मोठी ती लागू होत असल्यामुळे सर्व्हरवर मोठा आकडा असेल, तर ही चूक झाकली जाते आणि सर्व्हर बदलला की एकाएकी उघडी पडते.

मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात, त्यामुळे बाहेरून तुमच्या मोडेमला हाक मारता येत नाही. मैदानातला एन्कोडर नेहमी ‘कॉलर’ (हाक मारणारा) ठेवावा आणि सार्वजनिक पत्ता असलेला सर्व्हर ‘लिसनर’ (हाक ऐकणारा). सर्व्हर कुठे घ्यावा, हे नकाशावर पाहून ठरवू नये. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचे मध्य भारत केंद्र पुण्यातच आहे, पण तुमच्या सिमची वाहतूक मुंबईचा फेरा घालून तिथे जात असेल तर जवळीक कागदावरच राहते. दोन-तीन ठिकाणी पिंग करून निवड करावी. सर्व्हरपासून यूट्यूबपर्यंतचा पुढचा टप्पा आरटीएमपीने गेला तरी हरकत नाही, कारण तो तारेवरचा आहे.

पाचवी पायरी : एकापेक्षा अधिक सिम

गर्दीच्या जागी एका सिमवर विसंबून राहणे धोक्याचे. पण दोन सिम असलेला साधा राउटर बहुधा फक्त अदलाबदल करतो: एक बंद पडले की दुसरे सुरू. त्या क्षणी पत्ता बदलतो, जोडणी तुटते आणि प्रेक्षकाला काळा पडदा दिसतो. खऱ्या बाँडिंगमध्ये पॅकेटे सर्व सिमवरून एकाच वेळी वाटून जातात आणि दूरचा सर्व्हर ती पुन्हा क्रमाने जोडतो. त्यासाठी त्या टोकाला जुळणारे सॉफ्टवेअर लागतेच. लाइव्हयूसारखी विकत किंवा भाड्याने मिळणारी उपकरणे हेच करतात आणि बेलाबॉक्ससारखे खुले पर्यायही आहेत. एकाच कंपनीची दोन सिम एकाच टॉवरवर भांडत बसतात, म्हणून कंपन्या वेगवेगळ्या घ्याव्यात. मोडेम एकमेकांना चिकटवून ठेवू नयेत, उन्हात ठेवू नयेत आणि लॅपटॉपला शक्यतो केबलने जोडावेत. मंगल कार्यालयातला वाय-फाय ‘आमच्याकडे चांगला चालतो’ असे सांगून दिला जातो. पंगत बसली की त्यावर चारशे फोन येतात.

सहावी पायरी : उपग्रह

पुणे जिल्ह्याला उपग्रहाचा वारसा जुना आहे. देशाचे पहिले व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र, विक्रम, १९७१ मध्ये जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला सुरू झाले. तेव्हापासून उपकरणे लहान झाली, अंतर मात्र तेच राहिले. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. सिग्नल वर जाऊन खाली यायला सुमारे पाव सेकंद लागतो, उत्तर परत यायला आणखी पाव, आणि उपकरणांचा वेळ धरून पिंग ६०० मिलिसेकंदांच्या आसपास येते. कोणतेही सेटिंग हा आकडा कमी करू शकत नाही. त्यामुळे एसआरटीची मुदत इथे दोन ते अडीच सेकंद ठेवावी लागते आणि प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम असेल, तर निवेदकाला थांबून बोलायची सवय करून द्यावी लागते.

टीसीपीवरचा परिणाम समजून घेण्यासारखा आहे. पोच न घेता जास्तीत जास्त ६४ किलोबाइट पाठवणारे जुने उपकरण ६०० मिलिसेकंदांच्या रस्त्यावर ०.९ एमबीपीएसच्या वर जाऊच शकत नाही, मग जोडणी १० एमबीपीएसची असली तरी. आजच्या संगणकांत ही मर्यादा राहिलेली नाही, पण वेग हळूहळू चढणे आणि नुकसानीनंतर सावरणे अजूनही मंदच असते. व्हीसॅट (लहान डिशच्या उपग्रह जोडणीच्या) मोडेममध्ये यासाठी मधला मदतनीस असतो, जो टीसीपीला जागच्या जागी खोटी पोच देऊन वेग राखतो. मात्र तुम्ही व्हीपीएन (सगळी वाहतूक कुलूपबंद करून नेणारी जोडणी) लावला की त्याला आतले काही दिसत नाही आणि ही मदत बंद पडते. उपग्रहावर व्हीपीएन संथ का, या प्रश्नाचे उत्तर बहुधा इथेच सापडते.

डिश लावताना दिशा आधी काढून घ्यावी. ८३ अंश पूर्वेवरचा जीसॅट-३० पुण्यातून दक्षिणेकडून सुमारे २७ अंश पूर्वेला झुकून आणि क्षितिजापासून साधारण ६६ अंश उंच दिसतो. इतक्या उंचीमुळे डोंगराची कड क्वचितच आड येते. आड येते ते मांडवाचे छत किंवा आंब्याची फांदी.

पावसाचा विषय मात्र गांभीर्याने घ्यावा. उपग्रहांच्या फ्रिक्वेन्सी पट्ट्यांपैकी केयू पट्ट्याच्या लहरी मुसळधार सरीत कमकुवत होतात, केए पट्ट्याच्या त्याहून अधिक, आणि सी पट्ट्याच्या बऱ्याच कमी. नव्या मोडेममध्ये सिग्नल घसरला की डेटा पाठवण्याची मांडणी आपोआप अधिक दणकट आणि संथ होते: जोडणी टिकते, पण ८ एमबीपीएसचे ३ होतात. एन्कोडर ६ एमबीपीएसवर अडून बसला, तर मोडेमने वाचवलेली जोडणी त्याच्या हट्टापायी वाया जाते. म्हणून ताम्हिणीच्या पावसात एन्कोडर त्या खालच्या वेगाच्या आतच ठेवावा किंवा बिटरेट आपोआप बदलण्याची सोय चालू करावी. तुरळक हरवणाऱ्या पॅकेटांसाठी दहा-वीस टक्के जादा दुरुस्ती-पॅकेटे पाठवणे उपग्रहावर फायद्याचे ठरते, कारण ती पुन्हा मागवायची गरज पडत नाही. पाच मिनिटांच्या सरीपुढे मात्र तीही निरुपयोगी. याखेरीज मार्चच्या मध्याच्या आसपास आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य काही दिवस मध्यान्हीच्या सुमारास नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि जोडणी काही मिनिटे जाते. कार्यक्रमाची वेळ ठरवताना हे सेवादात्याकडून विचारून घ्यावे.

साडेपाचशे किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या ताफ्यांत पिंग शंभर मिलिसेकंदांच्या आत येते, पण उपग्रह मिनिटांत आकाश ओलांडतात आणि डिशला वारंवार नवा उपग्रह धरावा लागतो. त्या बदलाच्या क्षणी पॅकेटे गळतात. एक सेकंदाचा बफर ते पचवतो. त्यांना भूस्थिर डिशपेक्षा पुष्कळ मोकळे आकाश लागते, आणि ते सह्याद्रीच्या घळीत मिळत नाही. स्टारलिंकला भारताच्या दूरसंचार विभागाचा परवाना २०२५ मध्ये मिळाला. तरीही परदेशातून आणलेली डिश किंवा उपग्रह फोन परवानगीशिवाय वापरू नये, तो कायद्याने गुन्हा आहे.

डेटा पाठवायचा असेल तर

सेन्सरच्या आकड्यांचे गणित व्हिडिओपेक्षा वेगळे आहे. इथे वेग जवळपास लागतच नाही. प्रश्न असतो तो कोणता आकडा हरवला तर चालेल याचा. पालखीबरोबरच्या वाहनाचे ठिकाण दर दहा सेकंदांनी येत असेल तर जुने ठिकाण पुन्हा मागवण्यात अर्थ नाही, ताजेच पुरे. पानशेतच्या वरच्या अंगाला बसवलेल्या पातळीमापकाचा प्रत्येक आकडा मात्र पोहोचलाच पाहिजे, भले अर्ध्या तासाने का होईना. १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी जन्मलेली एमक्यूटीटी ही पद्धत दोन्ही प्रकार हाताळते: पहिल्यासाठी सेवेची पातळी ०, दुसऱ्यासाठी १. वेळेचा शिक्का सेन्सरपाशीच मारावा, सर्व्हरवर नव्हे, नाहीतर साठवून पाठवलेले आकडे एकाच वेळचे दिसतात. पातळी १ मध्ये तोच आकडा दोनदा येऊ शकतो, तेव्हा सर्व्हरने दुबार नोंद ओळखली पाहिजे.

पातळीमापकाची माहिती सर्वांत जास्त लागते ती धो धो पावसात, आणि केयू पट्ट्याची जोडणी डळमळते तीही तेव्हाच. हवामान खात्याची स्वयंचलित केंद्रे इन्सॅटकडे ४०२ मेगाहर्ट्झच्या आसपास छोटे छोटे संदेश पाठवत आली आहेत; इतक्या खालच्या फ्रिक्वेन्सीवर पावसाचा परिणाम जवळपास होत नाही. आपल्याला तो पट्टा मिळणार नाही, पण ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा विनापरवाना पट्टा लोरा (कमी विजेवर छोटे संदेश दूर नेणाऱ्या रेडिओ) उपकरणांसाठी मोकळा आहे. समोरासमोर दृष्टी असेल तर त्यावरून काही किलोमीटर अंतरावरच्या, रेंज असलेल्या गावापर्यंत आकडे आणता येतात आणि तिथून साधे ४जी पुरते. व्हिडिओ आणि डेटा एकाच जोडणीवर असतील तर व्हिडिओला वरची मर्यादा घालावी. काही बाइटचा इशारा व्हिडिओच्या रांगेत मागे अडकणे परवडणारे नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी

किमान एक तास आधी प्रक्षेपण खाजगी दुव्यावर सुरू करावे आणि दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरच्या फोनवर ते पाहावे. मूळ दर्जाचे रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्या कार्डावर चालू असावे. गर्दी वाढत जाईल तसा बिटरेट तुटण्याची वाट न पाहता आधीच एक पायरी उतरवावा. मानाचा पहिला गणपती मंडईतून निघण्यापूर्वी ही वेळ येते. रात्री सर्व्हरची नोंदवही उघडून तीन आकडे काळानुसार मांडावेत: पिंग, पुन्हा पाठवलेली पॅकेटे आणि मुदत टळल्यामुळे सोडून दिलेली पॅकेटे. पुन्हा पाठवलेली पुष्कळ आणि सोडलेली शून्य असतील, तर मुदत बरोबर होती. सोडलेली वाढताना पिंगही वाढत असेल, तर पुढच्या वेळी बिटरेट कमी करावा. पिंग स्थिर असताना सोडलेली वाढली, तर मुदत वाढवावी.